बिलासपूरचा राइट हाफ

नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी गोंदिया सोडते, सालेकसा-दरेकसाच्या जंगलातून बाहेर पडते आणि छत्तीसगडच्या सपाट भातखाचरांत शिरते. या मार्गावर पुढे लागणाऱ्या चार मोठ्या स्टेशनांचा हॉकीशी जवळचा संबंध आहे. राजनांदगावला छत्तीसगडमध्ये हॉकीची नर्सरीच म्हणतात. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये खेळलेली रेणुका यादव तिथली. दुर्गने भारताच्या महिला संघाला सबा अंजुमसारखी कर्णधार दिली. रायपूरला सरदार वल्लभभाई पटेल आंतरराष्ट्रीय हॉकी स्टेडियम आहे. जगातले बलाढ्य संघ २०१५ साली तिथे वर्ल्ड लीगची अंतिम स्पर्धा खेळून गेले. चौथे स्टेशन बिलासपूर, रायपूरपासून साधारण एकशेदहा किलोमीटर पुढे. या प्रदेशाने जगाला दिलेला सर्वांत मोठा खेळाडू बिलासपूरचा. लेस्ली वॉल्टर क्लॉडियस त्याचे नाव, जन्म २५ मार्च १९२७ चा. चार ऑलिम्पिक, तीन सुवर्णपदके आणि एक रौप्य एवढी त्याची कमाई आहे. एवढे असूनही हॉकीची आवड असलेल्या दहा मराठी माणसांना विचारले तर ध्यानचंद सगळे सांगतील, बलबीर सिंग काहीजण सांगतील आणि क्लॉडियस एखादाच सांगेल.

याचे कारण त्याच्या जागेत आहे. तो राइट हाफ होता. गोल करणे हे त्याचे कामच नव्हते. गोलाची संधी तयार होण्याआधीच ती मोडायची, हे त्याचे काम. गोल झाला की निकालपत्रकात नाव चढते. जो गोल होऊच दिला नाही, त्याची नोंद कोणत्या रकान्यात करणार?

ही अडचण केवळ हॉकीची नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये बचाव हा पूर्ण वेगळा पेशा आहे. चेंडू आपल्याकडे असताना अकरा जणांची एक तुकडी मैदानात उतरते आणि प्रतिस्पर्ध्याकडे असताना दुसरी. बचावपटू आयुष्यभर बचावच करतो आणि त्याचा भक्कम पगार घेतो. समोरच्या संघाचा सूत्रधार चेंडू फेकण्याआधीच त्याला आडवे पाडणे, याला तिथे ‘सॅक’ म्हणतात. हा शब्द रूढ करण्याचे श्रेय लॉस एंजेलिस रॅम्सच्या डीकन जोन्सला देतात. पण तिथल्या लीगने सॅकची अधिकृत मोजणी सुरू केली ती १९८२ पासून, आणि जोन्स त्याच्या आठ वर्षे आधीच निवृत्त झाला होता. त्यामुळे त्याच्या नावावर अधिकृत सॅक एकही नाही. मिनेसोटाच्या अ‍ॅलन पेजला १९७१ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरवले गेले, तेव्हा तो मान मिळवणारा तो पहिला बचावपटू होता. ज्या देशात खेळातली प्रत्येक हालचाल आकड्यांत मांडतात, तिथे बचावाची ही कथा. आपल्याकडे तर १९५० च्या दशकातल्या हॉकीत गोलांपलीकडे फारसे काही मोजलेच गेले नाही.

क्लॉडियसची कारकीर्द समजून घ्यायची तर सुरुवात रेल्वेपासून करावी लागते. बंगाल-नागपूर रेल्वे, म्हणजे बीएनआर, १८८७ साली स्थापन झाली. नागपूर-राजनांदगाव ही आधीची अरुंद वाट तिने ताब्यात घेतली, रुंद केली आणि रूळ पूर्वेला बंगालपर्यंत नेले. बिलासपूर हे त्या मार्गावरचे मोठे जंक्शन झाले. आज दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे मुख्यालय तिथेच आहे. बिलासपूरजवळच्या रतनपूरची गादी अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी घेतली होती. ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणाऱ्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले, ते याच भागातल्या पेंड्र्याहून. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. पण बिलासपूरच्या रेल्वे कॉलनीचे जग वेगळे होते. इंजिन चालवणारे, गार्ड, तिकीट तपासणारे, तारखात्यातले लोक तिथे राहत आणि त्यांत अँग्लो-इंडियन कुटुंबे पुष्कळ होती. त्यांची शाळा वेगळी, क्लब वेगळा, मैदानही वेगळे. रेल्वेला धडधाकट माणसे हवी असत आणि चांगला खेळणाऱ्याला रेल्वेत सहज नोकरी मिळे. अशा वसाहतींनी भारताच्या हॉकी संघाला खेळाडूंच्या कित्येक पिढ्या पुरवल्या. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये ध्यानचंदच्या मागे डाव्या बाजूला खेळलेला जो गॅलिबार्डी हा बीएनआरचाच.

क्लॉडियस मात्र आधी फुटबॉल खेळत होता. १९४६ च्या सुमारास तो खरगपूरला बीएनआरमध्ये असताना रेल्वेच्याच दोन हॉकी संघांचा सरावाचा सामना पाहायला उभा होता. एका संघात एक खेळाडू कमी पडला. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेला डिकी कार तिथे होता. त्याने काठावरच्या या पोराला स्टिक देऊन आत घेतले. त्याच्या आयुष्याची दिशा त्या दिवशी बदलली. दोन वर्षांत तो कलकत्त्याच्या पहिल्या फळीच्या हॉकीत पोहोचला आणि १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी निवडला गेला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता.

अशी गोष्ट वाचली की आपण नशिबाला श्रेय देऊन मोकळे होतो. मला ते पटत नाही. स्टिक हातात येणे हा योगायोग मानता येईल. पण दोन वर्षांत ऑलिम्पिक संघात जागा मिळवायला त्याच्याकडे आधीपासून काहीतरी असावे लागते. ते त्याच्या पायांत होते. फुटबॉलमध्ये मधल्या फळीत खेळणाऱ्याला शरीराचा तोल सांभाळत मागे सरकावे लागते आणि समोरच्याच्या कमरेकडे लक्ष ठेवावे लागते. चेंडू फसवतो, कंबर सहसा फसवत नाही. पायांचे हे शिक्षण तयारच होते, त्याला फक्त स्टिकची जोड द्यायची होती.

राइट हाफ नेमके काय करतो, ते थोडे सविस्तर पाहू. त्या काळी हॉकी २-३-५ अशा रचनेत खेळत. मागे दोन फुलबॅक, मधे तीन हाफ, पुढे पाच फॉरवर्ड. हाफला सर्वांत जास्त धावावे लागे. आपला संघ चढाईला गेला की फॉरवर्डच्या पाठीमागे राहून त्यांना चेंडू पुरवायचा. चेंडू हातचा गेला की त्याच पावली मागे वळून प्रतिस्पर्ध्याच्या विंगरला गाठायचे. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन डाव असत. बदली खेळाडू घेण्याची सोय नव्हती, त्यामुळे दमलात तरी मैदानातच राहायचे. चेंडू कडेच्या रेषेबाहेर गेला तर तो हाताने जमिनीलगत घरंगळत आत टाकायचा असे आणि ते कामही बहुधा बाजूच्या हाफकडेच असे.

हॉकीच्या स्टिकची एकच बाजू सपाट असते आणि चेंडू त्याच बाजूने खेळायचा असतो. डावखुऱ्यासाठी वेगळी स्टिक नियमातच बसत नाही. त्यामुळे प्रत्येक खेळाडूची उजवी बाजू बळकट आणि डावी कमजोर. राइट हाफसमोर येतो तो प्रतिस्पर्ध्याचा लेफ्ट विंगर. मैदानाची कड हाफच्या उजव्या हाताला असते. विंगर कडेकडेने सुटायला गेला तर तो हाफच्या बळकट बाजूवर सापडतो. म्हणून हुशार विंगर आत, म्हणजे हाफच्या डावीकडे घुसायला पाहतो. तिथे हाफला स्टिक उलटी करावी लागते आणि अर्धा क्षण उशीर झाला तरी विंगर गोलाच्या वर्तुळाकडे निघालेला असतो. म्हणजे राइट हाफने आधीच अशा कोनात उभे राहायचे की विंगरला आतला रस्ता दिसूच नये. कडेचा रस्ता त्याला मोकळा वाटावा आणि त्याने तोच निवडावा.

आता विंगर कडेने निघाला. तिथून गोलासमोर चेंडू द्यायचा तर तो उजवीकडे मारावा लागतो आणि त्यासाठी पाय व खांदे दोन्ही वळवावे लागतात. या वळण्यात जो क्षण जातो, तो राइट हाफचा. त्या क्षणाआधी स्टिक घातली तर विंगर हुलकावणी देतो. नंतर घातली तर चेंडू निघून गेलेला असतो. क्लॉडियसला पाहिलेल्यांनी आणि त्याच्यासोबत खेळलेल्यांनी त्याच्याविषयी जे सांगितले, ते सगळे या एका गोष्टीभोवती आहे: त्याची वेळ अचूक होती. तो आडदांड नव्हता. अंगावर जाऊन चेंडू हिसकावणे ही त्याची रीत नव्हती. चेंडू काढून घेतला की तो स्वतःजवळ न ठेवता लगेच पुढच्या माणसाकडे सरळ, जमिनीलगत देई. ज्याला चेंडू मिळाला त्याच्यावर लोकांची नजर जाई आणि चेंडू काढणारा मागे आपल्या जागेवर परत गेलेला असे.

लंडनला त्याच्या वाट्याला खेळ थोडाच आला. वेम्ब्लीवर ब्रिटनला ४-० हरवून स्वतंत्र भारताने पहिले सुवर्ण मिळवले, त्या अंतिम सामन्यात मधल्या फळीत केशव दत्त, अमीर कुमार आणि मॅक्सी वाझ होते. क्लॉडियसचा खरा काळ सुरू होतो तो त्यानंतर. १९४९ मध्ये तो कलकत्ता कस्टम्समध्ये रुजू झाला आणि १९६५ पर्यंत त्यांच्यासाठी खेळला. त्या पिढीचा व्यावसायिक खेळ म्हणजे ही नोकरी. खेळण्याबद्दल पैसे नाहीत, पण रेल्वे, कस्टम्स, पोर्ट किंवा पोलीस यांच्याकडे कायमची जागा. महिन्याचा पगार त्या खात्यातल्या इतर कर्मचाऱ्यांसारखाच. या व्यवस्थेला आज कोणी तुच्छ लेखू नये. तिच्यामुळेच गरीब घरांतली पोरे वयाची पस्तिशी गाठेपर्यंत मैदानावर टिकू शकली.

१९५२ च्या हेलसिंकीत तो पक्का राइट हाफ होता. भारताने तिथे तीनच सामने खेळले. अंतिम सामन्यात नेदरलँड्सला ६-१ हरवले, त्यात बलबीर सिंगचे पाच गोल होते. ते पाच गोल जगाला पाठ आहेत आणि ते असायलाही हवेत. १९५६ च्या मेलबर्नला मात्र बचावाने जे केले, ते माझ्या मते भारतीय हॉकीतले सर्वांत मोठे काम आहे. पाच सामन्यांत भारताने ३८ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. पहिल्या तीन सामन्यांत अफगाणिस्तान, अमेरिका आणि सिंगापूरविरुद्ध ३६ गोल झाले, त्याचे विशेष वाटायला नको. पण उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध निकाल १-० असे लागले. कर्णधार बलबीर सिंग बोटाचे हाड मोडलेल्या अवस्थेत खेळत होता. आक्रमण अडखळले होते, तेव्हा सुवर्णपदक बचावाने राखले.

त्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल रणधीर सिंग जेंटलने पेनल्टी कॉर्नरवर केला. जेंटल फुलबॅक होता. बचावपटूचे नाव इतिहासात कसे शिरते, याचा हा नमुना. सत्तर मिनिटे पाकिस्तानच्या फॉरवर्ड फळीला थोपवल्याबद्दल जेंटलची आठवण फार थोडे जण काढतात. गोलाबद्दल सगळे काढतात. पाकिस्तानविरुद्ध बचाव करणे किती कठीण होते, हेही ध्यानात घ्यावे. युरोपियन खेळाडूंच्या स्टिकचा वळलेला भाग लांब असे, त्यामुळे उलट्या बाजूने चेंडू खेळणे त्यांना जड जाई. आपल्या उपखंडात तो भाग आखूड करून घेतला गेला. भारतीय आणि पाकिस्तानी फॉरवर्ड त्याच्या जोरावर चेंडू डावी-उजवीकडे झरझर फिरवत. हाफने बंद केलेला आतला रस्ता ते पुन्हा उघडू शकत. क्लॉडियसला सर्वांत कठीण प्रतिस्पर्धी भेटले ते आपल्याच पद्धतीचा खेळ खेळणारे.

१९६० ला रोममध्ये तो कर्णधार होता, वय तेहेतीस. उपांत्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. त्या ऑस्ट्रेलियन संघात एरिक पीअर्स होता, जन्म जबलपूरचा. पीअर्स कुटुंब १९४७ मध्ये पर्थला गेले आणि त्यांच्या घरातले पाच भाऊ ऑस्ट्रेलियासाठी हॉकी खेळले. फाळणीनंतरच्या वर्षांत अँग्लो-इंडियन कुटुंबे मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, कॅनडाला गेली. आपल्या रेल्वे वसाहतींत घडलेले हॉकीचे ज्ञान त्यांच्याबरोबर गेले आणि पर्थच्या मैदानांत रुजले. पुढे ऑस्ट्रेलिया हॉकीत महासत्ता झाला, त्यात या घरांचा वाटा मोठा आहे. बिलासपूरचा क्लॉडियस इथेच राहिला. मध्य भारतातल्या एकाच प्रकारच्या वसाहतींतून आलेली ही माणसे रोममध्ये समोरासमोर उभी होती. भारताने जादा वेळेत १-० असा विजय मिळवला. उपांत्य सामन्यात ब्रिटनलाही १-० हरवले.

९ सप्टेंबर १९६० च्या अंतिम सामन्यात नसीर बंदाने पहिल्या काही मिनिटांतच पाकिस्तानचा गोल केला. उरलेल्या वेळात भारताला तो फेडता आला नाही. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅमपासून भारताने ऑलिम्पिकमध्ये सलग तीस सामने जिंकले होते. एकतिसावा गेला आणि तेव्हा कर्णधार क्लॉडियस होता. ही सल त्याने उतारवयापर्यंत बोलून दाखवली. मला यात एक अन्याय दिसतो. त्याने घडवलेल्या विजयांवर इतरांची नावे लागली आणि एका गोलाच्या पराभवावर मात्र त्याचे नाव ठळकपणे लागले.

आपण एक साधी बेरीज करू. त्याने ज्या चार ऑलिम्पिकची पदके मिळवली, त्यांत भारत एकूण एकोणीस सामने खेळला. लंडनला पाच, हेलसिंकीला तीन, मेलबर्नला पाच, रोमला सहा. या एकोणीस सामन्यांत भारतावर झालेले गोल: लंडनला दोन, हेलसिंकीला दोन, मेलबर्नला शून्य, रोमला दोन. एकूण सहा. हे श्रेय एकट्या क्लॉडियसचे नाही. लंडनला तो फारसा खेळला नाही, आणि त्याच्यामागे लिओ पिंटो, शंकर लक्ष्मण यांच्यासारखे गोलरक्षक या काळात होऊन गेले. पण बचावपटूची कामगिरी आकड्यात धरायचीच असेल तर ती अशी, साऱ्या फळीची मिळून धरावी लागते. शंभर आंतरराष्ट्रीय सामन्यांचा टप्पा गाठणारा पहिला हॉकीपटू म्हणूनही क्लॉडियसचे नाव घेतले जाते. तीन सुवर्ण आणि एक रौप्य अशी कमाई असलेला दुसरा भारतीय हॉकीपटू म्हणजे फॉरवर्ड उधम सिंग.

१९७१ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. मुलगा रॉबर्ट १९७८ च्या विश्वचषकात भारताकडून खेळला आणि त्याच वर्षी अपघातात गेला. क्लॉडियसने कलकत्ता सोडले नाही. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या निमित्ताने तिथल्या भुयारी रेल्वेच्या खास नकाशावर स्थानकांना ऑलिम्पिकवीरांची नावे देण्यात आली. भारताच्या तीन हॉकीपटूंना तो मान मिळाला. ध्यानचंद, रूपसिंग आणि क्लॉडियस. पहिले दोघे भाऊ, दोघेही फॉरवर्ड. तिसरा हाफ. बचावाचे काम ज्यांना समजते, त्यांनी त्याला त्या दोघांच्या पंक्तीत बसवले. त्याच वर्षी २० डिसेंबरला कलकत्त्यात त्याचे निधन झाले.

त्याच्यानंतर खेळ बदलला. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून गवत जाऊन कृत्रिम मैदान आले, २-३-५ ची रचना गेली, आणि राइट हाफ हे नावही मागे पडले. मोजणीची सवय मात्र तशीच आहे. हॉकी इंडिया लीगच्या २०२४ च्या लिलावात सर्वांत महाग ठरला तो बचावपटू हरमनप्रीत सिंग, ७८ लाख रुपयांना. बचावपटूला अखेर मोल आले, असे वाटावे. पण हरमनप्रीतची कीर्ती मुख्यतः पेनल्टी कॉर्नरवर मारलेल्या गोलांची आहे. तो उत्तम बचावपटू आहे, तरी लिलावात किंमत बोलली गेली ती त्याच्या ड्रॅगफ्लिकची. जेंटलच्या वेळचा न्याय अडुसष्ट वर्षांनी तसाच आहे. रायपूरला २०१५ मध्ये भारताने नेदरलँड्सशी ५-५ अशी बरोबरी करून शूटआउटमध्ये कांस्यपदक जिंकले. मोठ्या जागतिक स्पर्धेतले ते भारताचे तेहेतीस वर्षांनंतरचे पहिले पदक. त्या दिवसाच्या आठवणीत दहा गोल आणि श्रीजेशची गोलरक्षणाची करामत आहे. मधल्या फळीत कोण खेळले, हे सांगणारा प्रेक्षक विरळा.

तेव्हा वाचकांना एक विनंती. रायपूरला, नागपूरला किंवा टीव्हीवर पुढचा सामना पाहाल तेव्हा दहा मिनिटे चेंडूवरची नजर काढा आणि उजव्या बाजूच्या एका बचावपटूवर ठेवा. तो कुठे उभा राहतो, विंगरला कोणता रस्ता मोकळा ठेवतो, कधी स्टिक घालतो आणि कधी मुद्दाम घालत नाही, ते पाहा. सोबत लहान मूल असेल तर त्यालाही दाखवा, आणि बिलासपूरच्या लेस्ली क्लॉडियसचे नाव सांगा.